हातचं पॉलिश

नव्या घराच्या दाराला अंगठ्याने उघडणारं कुलूप होतं. सकाळी बाबांनी चार वेळा अंगठा लावूनही ते उघडेना, तेव्हा मुलगा शेजाऱ्यांदेखत त्यांच्यावर खेकसला होता, "साधा अंगठा टेकवता येत नाही का तुम्हाला?"

संध्याकाळी मित्र जमले, तसं त्याने मनगटावरचं जपानी घड्याळ काढून भिंगाखाली धरलं. "डायल बघा, नुकत्याच पडलेल्या बर्फासारखी. आणि हे काटे! माणसाने हाताने घासून आरसा केलाय त्यांचा. एक ओरखडा सापडला तर नाव बदलेन!"

मित्रांनी तोंडभरून कौतुक केलं. नळांच्या कारखान्यात तीस वर्षं पितळ घासून चकचकीत करणाऱ्या बाबांनीही भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघून म्हणाले, "कसलेला हात आहे."

भिंग परत घेताना त्याला काचेतून बाबांचा अंगठा दिसला. गुळगुळीत, औषधालाही रेष नसलेला. त्याची मान खाली गेली.

बाबांनी मात्र अगदी सहज विचारलं,



"हे काटे घासणाऱ्याच्या अंगठ्याने तरी त्याच्या घराचं दार उघडत असेल का रे?"