घरच्या चाफ्याची वेणी

मुहूर्त जवळ आला तरी नवरीच्या अंबाड्यावर वेणी नव्हती. बोईसरच्या हॉलमधल्या कोंदट खोलीत समिधा आरशासमोर बसून होती आणि तिची आई सुलू दाराकडे डोळे लावून. पार्लरवालीनं आणलेला गजरा तिनं केव्हाच बाजूला सारला होता. माझ्या लेकीच्या डोक्यात माझ्या माहेरचा चाफा जाणार, हे तिनं साऱ्या सासरला ऐकवून ठेवलं होतं. मासवणच्या घरातला आपला हिस्सा भावाला देऊन टाकताना तिनं एवढंच तर मागितलं होतं: आईनं लावलेला सोनचाफा तोडायचा नाही.

तिचा थोरला भाऊ आत्माराम आला तो घाम पुसतच. हातात केळीच्या पानाची पुडी.

"घे, मामाची वेणी."

सुलूचा जीव भांड्यात पडला. तिनं पुडी सोडली आणि सवयीनं वेणी उलटी करून पाहिली. त्यांच्या घरी चाफा ओवत नसत. केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटानं एकेक फूल बांधायचं; सुई लागली की ते काळं पडतं, असं आई म्हणायची. या वेणीतून नायलॉनचा दोरा आरपार गेला होता. फुलंही फिकट, थोराड. केळीचं पान तेवढं घरचं.

"दादा, ही आपल्या झाडाची नाय."

"घाईत पालघरला घेतली. फुलंच ना ती?"

"का? झाडाला फुलं नव्हती?"

आत्माराम आरशात बघून टोपी सारखी करू लागला. "गाडी आत यायला वाट नव्हती, सुले. दिवाळीतच काढलं ते."

"दिवाळीत? मग परवा आईच्या वर्षश्राद्धाला धाडलीस ती फुलं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"ती बी बाजारची?"

तो पुन्हा टोपीशी चाळा करू लागला.

ती फुलं सुटी होती, म्हणून तिला कळलंच नव्हतं. आईच्या फोटोपुढे ठेवून ती पोटभर रडली होती. दादानं आठवण ठेवली, म्हणून शेजारणींना दाखवलीही होती. झाड गेलं याचं दुःख होतंच, पण आपल्याला असं खेळवलं गेलं आणि आपण खुळ्यासारखं खूश होत राहिलो, याचा तिला संताप आला.

बाहेरून गुरुजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

आत्मारामनं समिधापुढे हात केला.

सुलूनं वेणी पानात गुंडाळून त्याच हातावर ठेवली. पार्लरवालीचा गजरा उचलून लेकीच्या अंबाड्यावर खोवला आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"चल बाय. तुजा मामा नाय आला."