काळा कागद

कण मोजणाऱ्या काउंटरवरचा आकडा दोन हजार नऊशेवर गेला आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी खुर्ची पुढे ओढली. शेजारी उभ्या असलेल्या, त्यांच्या हाताखालच्या एका संशोधकाच्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

फिल्टर त्याच्या बायकोचा होता. बोटभर काचेची नळी, तिच्यात रुबिडियमची गरम वाफ, बाहेरून चुंबक. सोर्समधून प्रकाशाचे कण एकेक करून सुटत, थोड्या थोड्या फरकाच्या रंगांचे. फिल्टरने त्यातला नेमका एकच रंग पुढे सोडायचा आणि बाकीच्यांना वाटेला लावायचं. असाच एक फिल्टर नवऱ्यानेही केला होता. सहा वर्षं घासली, पण सेकंदाला चारशे कणांपुढे तो कधी गेला नाही. बायकोला तर हे काम हाती घेऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या सोर्सवर दोघांपैकी एकाचाच फिल्टर बसणार होता आणि कुणाचा, ते बाई आज ठरवणार होत्या.

सकाळी चहा पिताना बायकोने विचारलं होतं, "तुला कुठे काही खटकतंय का? असेल तर आत्ताच सांग हं."

"छे, मस्त जमलंय," म्हणत तो कप विसळायला उठला होता.

खटकत होतं. नळी तापवणाऱ्या हीटरचा लाल दिवा काउंटरच्या फारच जवळ होता. काउंटर त्या दिव्याचाच उजेड मोजत बसला असेल तर? पितळ उघडं पडेल, आणि पडायचंच तर बाईंसमोर पडू दे. त्याला तिचा हेवा वाटत होता. स्वतःच्या बायकोचा हेवा वाटतो याची लाजही वाटत होती, पण ती लाज हेव्यापुढे टिकली नाही.

"एक शंका आहे," तो बाईंना म्हणाला. "सोर्स झाकून बघू. तरीही आकडा राहिला, तर हा उजेड फिल्टरमधून आलेलाच नाही."

बायको चमकली. "बघ की," एवढंच म्हणाली.

त्याने खिशातून जाड काळा कागद काढला आणि सोर्स नि फिल्टर यांच्यामधल्या फटीत सरकवला. राहा रे बाबा, राहा, तो मनातल्या मनात आकड्याला विनवत होता.

आकडा धाडकन कोसळला. अकरा. नऊ. अकरा.

"झालं तर मग! हिचाच बसवायचा," बाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी त्याची पाठ थोपटली. "शंका काढावी ती अशी. घरचं माणूस असून भीड नाही ठेवलीत."

खोलीत दोघंच उरली. बायको फटीतला कागद काढायला वाकली. तो इतका चपखल बसला होता की नख लावावं लागलं. आकडा सरसर वर चढला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने कागद उलटा केला. मागे पेन्सिलीच्या सरळ रेघा होत्या, मिलिमीटरची मापं होती आणि कडेला चिकटवलेली अर्धी चंदेरी चांदणी. उरलेली अर्धी कात्रीत गेली होती.

"हा आपल्या पिल्लूच्या चित्रांच्या वहीतला आहे."

त्याने कागदासाठी हात पुढे केला.

"कधी कापलास?"

"परवा."

तिने कागदाची घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवली.

"म्हणजे चहाच्या आधी," ती म्हणाली.