साठ डबे

साठ मुलांनी आपल्या चित्रांचे फोटो शाळेच्या वेबसाइटवर एकदम पाठवले. ते लहान करताना शाळेचा तोकड्या मेमरीचा सर्व्हर पुन्हा बंद पडला.

"उद्याही असंच झालं तर चित्रांचं पान बंद," मुख्याध्यापकांनी बजावलं.

पानाचा प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या विद्यार्थिनीला मी विचारलं, "हर्षाली, तुमच्या पिठाच्या गिरणीत साठ डबे एकदम आले तर?"

"एकदम कोण दळतं, सर? नंबर लावून डबा ठेवायचा, घरी जायचं. बाबा एकेक दळतात." ती ताडकन उठली. "फोटोही ठेवून घेऊ!"

तिने प्रोग्रॅम बदलला. फोटो आला की 'मिळाला' म्हणायचं, रांगेत ठेवायचा आणि मागाहून एकेक लहान करायचा.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. सर्व्हर टिकला. पानावर एकेक चित्र उमटू लागलं, वर्ग मोठ्याने मोजू लागला. साठावं हर्षालीचं होतं: पिठाने पांढरे झालेले बाबा.