बांध नसलेलं शिवार

कालव्याच्या दारावरचं यंत्र सकाळीच बोललं होतं, "नदीत पाणी थोडं आहे. टोकाचं शेत सर्वांत कमी पिकतं. दुपारी त्याचं पाणी बंद होईल."

ते शेत गोदूबाईंचं होतं आणि बाजरी ऐन निसवायला, कणसं बाहेर पडायला आली होती. त्या धावत शेतावर गेल्या, तर शेजारचा बाजाबा कुदळीने मधला बांध फोडत होता. याच बांधापायी दोघांनी उभा जन्म भांडणात घालवला होता.

"मेल्या, आत्ताच जमीन बळकावतोस?"

"वैनी, ते यंत्र आभाळातून बांध बघून शेतं ओळखतं," बाजाबा धापा टाकत म्हणाला. "बांधच नसला तर पाणी कुणाचं तोडणार?"

गोदूबाईंनी पाहिलं, तर पार नदीपर्यंत प्रत्येक बांधावर कुदळी चालू होत्या. त्यांनी पदर खोचला आणि फावडं उचललं.

दुपारी यंत्राने विचारलं, "कमी पिकणारं शेत सापडत नाही. कोणतं ते?"

"सगळं एकच शेत आहे!" गोदूबाई ओरडल्या. "तोडायचं तर सगळ्यांचं तोड!"

यंत्राला तोडायला वेगळं शेतच उरलं नव्हतं. दार उघडंच राहिलं.

"पण वैनी, आपला बांध नेमका कुठं होता, ते आता कसं कळायचं?"

"भांडून ठरवू की," गोदूबाई म्हणाल्या आणि आलेलं पाणी त्यांनी आधी त्याच्या बाजरीकडे वळवलं.