लाल फडकी

तिसऱ्या फडक्यापाशीही अंडी नव्हती. मातीत नुसता खळगा. पक्ष्यांची पाहणी करणारी ती बाई उकिडवी बसली आणि बुटांचे ठसे शोधू लागली. ठसे होते, पण तिचेच.

तरी तिचा संशय काही हटेना. या पाणथळीतून हौशी सायकलवाल्यांसाठी ट्रॅक होणार होता, आणि तो बांधणारा इंजिनिअर तिचा सख्खा दीर होता. टिटवीची अंडी असतील तोवर ट्रॅकने वळसा घ्यायचा, नसतील तर सरळ आत घुसायचं, असं ठरलं होतं. मातीच्या रंगाची ती अंडी मशीनवाल्यांना दिसणार कशी? म्हणून तिनेच प्रत्येक घरट्याशेजारी काठी रोवून लाल फडकं बांधलं होतं. वळसा दिराच्या अगदी जिवावर आला होता. कालच जेवताना त्याने विचारलं, "वहिनी, किती उरली हो घरटी?" इतक्या गोड आवाजात त्याने कधी मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

चोराला आज रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून ती लव्हाळ्यात दबा धरून बसली. डासांनी फोडून काढलं.

दीर आला नाही. कावळा आला. पुढच्या काठीवर बसून त्याने मान वाकडी करून खाली पाहिलं. टिटव्या डोक्यावर कोकलत होत्या, तरी तो उतरला आणि अंडं उचलून गेला. परत आला तेव्हा त्याने शोधाशोध केलीच नाही. थेट पलीकडच्या लाल फडक्याकडे निघाला.

चिखल तुडवत, ओरडत तिने त्याला हाकललं आणि एकेक काठी उपटत सुटली. दिराला उगाच चोर ठरवलं, याची लाज वाटली. स्वतःचा राग तर त्याहून जास्त आला.

काठ्या काखेत मारून ती काठावर आली, तर दीर मशीन घेऊन हजर.

"खुणा काढल्यात? मग सरळ घेऊ ना?"

"नाही, भाऊजी. अंडी आहेत अजून. वळसाच घ्या."

"बरं. कुठं आहेत ते तरी दाखवा."

तिने बोट दाखवायला हात उचलला. मशीनच्या टपावर कावळा बसला होता. तिच्या हाताकडेच बघत होता. तिने हात खाली घेतला.

"सांगते. आधी हा कावळा जाऊ दे."

दिराने कावळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वहिनी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "घरटी खरंच होती ना?"