तानुबाईचं पान

घागर भरून झाली होती. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवली होती. झुलालआबांनी बायकोच्या नावानं पान वाढलं. पुरणपोळी, आमरस, कुरडई. पाटावर बसायला मात्र कोणी नव्हतं.

तानुबाई गेल्यानंतरची ही पहिली आखाजी, पितरांना पान वाढायची अक्षय्य तृतीया. सवाष्ण गेलेल्या बाईच्या पानावर सवाष्णच जेवते, नाही तर तिला घास पोचत नाही, असं आबांच्या आईनं सांगितलेलं. आबा सकाळपासून गल्लीत फिरून आले होते. कामिनीकडे पाहुणे होते. प्रमिलाबाईंनी दारातूनच नकारार्थी मान हलवली. शेजारची धुरपदाबाई म्हणाली, "मना उपास शे, भाऊ."

"आखाजीले कोनता उपास?"

ती आत निघून गेली.

आबांना कारण माहीत होतं. तानुबाईच्या छातीत गाठ होती. तिनं ती वर्षभर लपवली. जळगावच्या डॉक्टरांनी ट्यूमर म्हटलं आणि पुढं कॅन्सर निघाला. तेव्हापासून गल्लीत ट्यूमर म्हणजे मरण. आबांनाही तसंच वाटायचं. अशा बाईच्या पानावर कोण बसणार?

नैवेद्याचा विस्तव विझत आला. आबा पान उचलायला वाकले.

दारात रिक्षा थांबली. धुरपदाबाईची सून सारिका हळूच उतरली. हातात दवाखान्याची पिशवी. मागून सासू आणि गल्लीतल्या बायका आल्या.

"थांबा, आबा. मी बसते."

"तू आजारी होतीस, बेटा?"

"मलाही छातीत गाठ होती. डॉक्टर ट्यूमर म्हणाले, मी तिथंच रडायला लागले. ते म्हणाले, ट्यूमर म्हणजे नुसती वाढलेली गाठ. कॅन्सरची असते, साधीही असते. तपासल्यावरच कळतं. काढली, तपासली. आज रिपोर्ट आला. साधी आहे."

सारिका पाटावर बसली. तिनं पहिला घास घेतला, तेव्हा आबांनी डोळे पुसले. मग धुरपदाबाईकडे पाहिलं.

"अन् तुना उपास?"

धुरपदाबाईनं तोंडाला पदर लावला.

"मनी सून गाठ लपाडत व्हती, भाऊ. तिले पहिल्यांदा दवाखानामा कोन लई गयं? तानुबाई. सोताले उभं राहता येत नव्हतं, तवय. तिना पानवर मान सारिकाना. मंग आम्ही कश्या बसूत?"