घर बघायची वेळ

एजंटाने खाडीकाठचा फ्लॅट आम्हाला दोनदा दाखवला, पण वेळ दोन्हीदा त्यानेच ठरवली. बाल्कनीखालचं काठोकाठ भरलेलं पाणी बघून बायको जागीच हरखली.

राहायला आलो त्या दुपारी ओहोटी होती. पाणी पार पलीकडे गेलेलं, खाली नुसता चिखल, आणि वास असा की खिडक्या लावून जेवलो.

"लबाड मेला! भरती बघून बोलवायचा आपल्याला!" बायको रोज त्याच्या नावाने बोटं मोडायची.

शेवटी आम्हीच घर विकायला काढलं. काल एका गृहस्थांचा फोन आला, "उद्या सकाळी घर बघायला येऊ का?"

मी फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.


"सकाळी नको, तीनला बोलवा," ती हळूच म्हणाली. "उद्या भरती तीनची आहे."